घाटवाटांसाठी जीपीएस आणि होकायंत्र: पैसे कुठे घालायचे, कुठे वाचवायचे

हातात धरायच्या जीपीएसबद्दल काहीही वाचायला घ्या, चौथ्या-पाचव्या ओळीत हरीण येतंच. अमेरिकेत या यंत्रांचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे शिकारी. मचाण कुठल्या झाडावर बांधलंय, जखमी जनावर कुठल्या अंगाला गेलं, सरकारी जंगल कुठे संपून खासगी रान कुठे लागतं, हे सगळं त्याला पडद्यावर हवं असतं. साहजिकच कोणतं यंत्र घ्यावं हा सल्लाही त्याच्याच सोयीचा असतो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा विषय संपवला. यंत्र मात्र तेच येतं. ते घेऊन आपण बोराट्याच्या नाळेसारख्या सह्याद्रीतल्या अरुंद घळीत उतरतो आणि तिथे त्या सल्ल्यातला बराच भाग बिनकामाचा ठरतो. इथे ज्या गोष्टी खरंच नडतात, त्या तिकडे कुणी लिहिलेल्याच नसतात.

मी रस्त्यांच्या कामावर सर्व्हे करते. आठवडाभर टोटल स्टेशन आणि डीजीपीएस ही अचूक मोजणीची यंत्रं, सुट्टीला घाटवाटा. सेंटिमीटरचा हिशेब साइटवरच सोडून येते. डोंगरात आपण कुठे आहोत हे दहा मीटरच्या आत कळलं तरी पुष्कळ झालं. सध्या सॅकच्या पट्ट्याला गार्मिनचं जीपीएसमॅप ६५एस असतं आणि गळ्यात सुंटोचं एमसी-२ जी होकायंत्र. दोन्ही स्वतःच्या पगारातून घेतलेली, त्यामुळे कुणाची भीड नाही.

आधी नेहमीचा प्रश्न. फोन असताना हे कशाला? राजगड, कळसूबाई, पाचनईकडून हरिश्चंद्रगड, अशा मळलेल्या वाटांना खरंच नको. नकाशा आधी उतरवून घेतला की फोन पुरतो, आणि हल्लीच्या चांगल्या फोनमधला जीपीएस अचूकतेत काही कमी नसतो. गाडं अडतं ते जुलैत. अंधारबनात पावसाचा थेंब पडद्यावर पडला की फोनला ते बोट वाटतं. नकाशा आपोआप मोठा होतो, सरकतो, आणि आपल्या ओल्या बोटाला मात्र दाद देत नाही. शिवाय फोनची बॅटरी ही शेवटी मदत मागायची बॅटरी. ती वाटेची रेघ काढण्यात संपवली, तर कड्याच्या काठावर कोकणातलं नेटवर्क सापडूनही काय उपयोग? म्हणून माझी पहिली अट बटणांची होती. टचस्क्रीनची मॉडेलं दिसायला देखणी असतात. पण चार महिने कोसळणारा पाऊस आणि भटकंतीचा हंगामही नेमका तोच, अशा मुलखात टचस्क्रीनला पैसे घालणं मला पटत नाही.

बटणांच्या यंत्रांत माझ्यापुढे गार्मिनचीच दोन नावं उरली: ईट्रेक्स ३२एक्स आणि ६५एस. ईट्रेक्स मुठीत मावतं, सेलसकट दीडशे ग्रॅमच्या आत, आणि कंपनीच्या आकड्यानुसार सेलच्या एका जोडीवर २५ तास चालतं. ६५एस जवळजवळ २२० ग्रॅमचं, डोक्यावर जाडजूड अँटेना, आणि सेल १६ तास. कागदावर ईट्रेक्स जिंकतं. रायलिंगच्या पठारावर दोन्ही शेजारी-शेजारी धरली तरी सांगण्यासारखा फरक दिसत नाही. फरक पडतो तो पठार सोडून नाळेत शिरल्यावर.

नाळेत दोन्हीकडे सरळ कातळ आणि वर आभाळाची पट्टी. उपग्रह मोजकेच दिसतात, आणि त्यांचा सिग्नल थेट येण्याऐवजी समोरच्या कड्यावर आपटून येतो. ते वाढीव अंतर यंत्र खरं धरतं आणि तुम्हाला शेजारच्या कड्याच्या पोटात नेऊन बसवतं. एकाच फ्रिक्वेन्सीवर चालणाऱ्या यंत्राने नाळेत काढलेली रेघ घरी संगणकावर बघा. माणूस भिंतीतून आरपार ये-जा करत उतरला असं दिसतं. ६५एस एल१ आणि एल५ अशा दोन फ्रिक्वेन्सी ऐकतं. एल५ वर थेट आलेला सिग्नल कोणता आणि आपटून आलेला कोणता, हे ओळखणं यंत्राला सोपं जातं. रेघ तरीही हलते, पण नाळेच्या आत राहते, आणि धुक्यात पुढचा टप्पा डावीकडून की उजवीकडून हे ठरवताना तेवढं पुरतं. थोडक्यात, नाळा उतरणाऱ्याने ६५एस घ्यावं, किल्ले करणाऱ्याने ईट्रेक्सवर भागवावं. ज्यांना नकाशाही नको, आल्या वाटेने परत जाता आलं म्हणजे झालं, त्यांना ईट्रेक्स एसई आहे: काळा-पांढरा पडदा, नकाशा नाही, पण साध्या सेलवर कंपनीचा दावा १६८ तासांचा.

एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. ६५एसची अँटेना उभी ठेवायची असते, तोंड आभाळाकडे. ईट्रेक्सची अँटेना आत चपटी बसवलेली असते, म्हणून ते आडवं, पडदा वर करून धरायचं. लोक नेमकं उलट करतात, किंवा यंत्र पँटच्या खिशात घालतात आणि संध्याकाळी रेघ वेडीवाकडी आली म्हणून कंपनीला नावं ठेवतात.

नावातला 'एस' सोडू नका. नुसत्या ६५ मध्ये हवेच्या दाबावर चालणारा उंचीमापक नाही आणि इलेक्ट्रॉनिक होकायंत्रही नाही. घाटवाटेला उंची हीच अर्धी ओळख असते. पदर, म्हणजे डोंगराच्या मधला सपाट टप्पा, कुठल्या उंचीवर आहे हे नकाशावरून माहीत असेल, तर धुक्यात काही दिसत नसतानाही आपण पदराच्या वर आहोत की खाली, हे कळतं. मात्र सकाळी निघताना ओळखीच्या उंचीवर यंत्र जुळवून घ्यायचं, आणि जेवणाच्या वेळी पुन्हा एकदा. त्याचं कारण परदेशी परीक्षणांत सहसा वाचायला मिळत नाही. आपल्या उष्ण पट्ट्यात हवेचा दाब रोज दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो: सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास जास्त, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास कमी. फरक दोन-तीन मिलिबारचा, आणि एका मिलिबारला साधारण आठ-नऊ मीटर. म्हणजे तुम्ही टाक्याशेजारी स्वस्थ बसलेले असलात तरी दुपारपर्यंत यंत्र तुम्हाला वीसेक मीटर वर चढवून ठेवतं. दाब उतरला म्हणजे पाऊस येणार असं समजून घाबरू नका, ते रोजचंच आहे.

सेलबद्दल. ६५एसला दोन पेन्सिल सेल लागतात, आणि मला हेच त्याचं बलस्थान वाटतं. नव्या ६७ मालिकेत चार्जिंगची बॅटरी आतच असते आणि ती दिवसेंदिवस चालते हे खरं. पण ती संपली की पॉवर बँक हवी, आणि पावसात पॉवर बँकेची वायर लावून चालणं म्हणजे नसती कटकट. मी एनेलूपचे चार्जिंगचे सेल वापरते, एक जोडी आत, एक जोडी कोरड्या डबीत. सेटिंगमध्ये सेलचा प्रकार निवडायला विसरू नका, नाहीतर सेल किती उरला हे दाखवणारा आकडा फसवा येतो. वाडीतल्या दुकानात मिळणारे घड्याळाचे स्वस्त सेल यात चालतात, पण टिकत नाहीत. अडीअडचणीला ठीक.

नकाशांसाठी वेगळे पैसे देऊ नका. ओपनस्ट्रीटमॅपवरून केलेले गार्मिनचे नकाशे फुकट मिळतात आणि सह्याद्रीत आपल्याच भटक्यांनी त्यात भरपूर वाटा भरल्यात. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या ५०,००० प्रमाणाच्या नव्या मालिकेतल्या शीट विभागाच्या ऑनलाइन पोर्टलवरून उतरवता येतात. त्या डब्ल्यूजीएस ८४ वर आहेत, म्हणजे जीपीएसच्याच हिशेबात. कुणाकडून जुनी, एव्हरेस्ट डेटमची, म्हणजे वेगळ्या हिशेबाने अक्षांश-रेखांश मोजलेली टोपोशीट मिळाली असेल तर सांभाळून. त्यावरचे अक्षांश-रेखांश जसेच्या तसे यंत्रात घातले तर आपल्या भागात शंभर मीटरहून जास्त फरक पडतो. पठारावर चालून जाईल. कड्याच्या काठावर शंभर मीटर म्हणजे काय, ते सांगायला नको.

इंटरनेटवरून उतरवलेल्या जीपीएक्स फायलींबद्दल, म्हणजे आधी कुणी चालून नोंदवलेल्या वाटांबद्दल, माझं मत जरा कडक आहे. निम्म्या फायली ढोरवाटांच्या असतात. आणि वाट बरोबर असली तरी डोंगर तसाच राहिलाय का, हे फाइल सांगत नाही. वरंधच्या बाजूला एका धनगरवाड्यावर पाणी भरून घेत होतो, तर मामा यंत्राकडे बघत बसले.

"ह्यात वाट दिसती व्हय?"

"दिसते की मामा. ही बघा, ओढ्याच्या उजवीकडनं खाली."

"तिथं आता कुठली वाट, ताई. दरड आल्यापासनं मोडली ती. पल्याडच्या सोंडंवरनं जावा."

पल्याडच्या सोंडेवरनंच गेलो. २०२१ च्या जुलैत महाड-पोलादपूरच्या पट्ट्यात तळियेसह ठिकठिकाणी दरडी कोसळल्या. त्या भागातली त्याआधीची फाइल मी आता नुसता अंदाज म्हणून वापरते. मामांनी दाखवलेला सोंडेचा फाटा तिथल्या तिथे यंत्रात नोंदवून ठेवला. ६५एसला त्यासाठी वेगळं बटण आहे. ईट्रेक्सवर अंगठ्याने हलवायची दांडी दाबून धरली की तेच होतं.

अक्षांश-रेखांश लिहिण्याच्या पद्धतीवर घरीच एकदा डोकं घाला. गार्मिन मुळात अंश आणि दशांश मिनिटं दाखवतं, फोनवरचा गूगल मॅप नुसते दशांश अंश. यंत्रावर १८ अंश ३०.५०० मिनिटं दिसतंय आणि तुम्ही घाईत फोनवर "अठरा पॉइंट तीन शून्य पाच" सांगितलंत, की मदतीला येणारी मंडळी वीस किलोमीटरहून जास्त दक्षिणेला पोचतील. आमच्या गटात सगळ्यांची यंत्रं आणि फोन दशांश अंशांवर लावून ठेवलीत. यूटीएम (मीटरमध्ये जागा सांगायची पद्धत) वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवायचं ते इतकंच की सह्याद्री सगळा ४३ व्या झोनमध्ये येतो. ७८ रेखांशाच्या पूर्वेला, म्हणजे नागपूर-गडचिरोलीकडे, ४४ वा लागतो.

आता अमेरिकेतल्या मामेभावाकडून यंत्र मागवणाऱ्यांसाठी. मॉडेलच्या नावाच्या शेवटी 'आय' असेल, उदाहरणार्थ ६६आय किंवा ६७आय, तर त्याला आणू नकोस म्हणून सांगा. त्या यंत्रांत इनरीच असतं, म्हणजे इरिडियम उपग्रहांवरून संदेश पाठवायची सोय. तिकडे शिकारी आणि गिर्यारोहक त्यावर जीव टाकतात आणि सोय खरंच प्राण वाचवणारी आहे. पण भारतात इरिडियम आणि थुराया या उपग्रहसेवांची यंत्रं दूरसंचार खात्याच्या परवानगीशिवाय बाळगता येत नाहीत. २०२४ च्या डिसेंबरात गोव्याच्या विमानतळावर इनरीच सापडल्यामुळे एका परदेशी प्रवाशाला पोलिसांच्या कारवाईला तोंड द्यावं लागलं. नुसता सिग्नल घेणाऱ्या, काही पाठवू न शकणाऱ्या जीपीएसला हा नियम नाही.

होकायंत्राची गोष्ट याहून मजेशीर आहे, कारण तिथे परदेशी सल्ला सरळसरळ उलटा पडतो. तिकडच्या प्रत्येक परीक्षणात पहिली अट असते ती चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक स्क्रूने जुळवता येण्याची. त्यांचं बरोबर आहे. अमेरिकेच्या दोन किनाऱ्यांवर हा फरक दहा अंशांहून जास्त भरतो, एकीकडे पूर्वेला आणि दुसरीकडे पश्चिमेला. महाराष्ट्रात तो एका अंशाच्याही आत आहे. एक अंश म्हणजे किलोमीटरमागे सतरा मीटर. तेवढं तर आपण करवंदीच्या जाळीला वळसा घालताना बाजूला जातो. उत्तराखंड-लडाखला जाणाऱ्यांना तो स्क्रू थोडाफार उपयोगी पडेल. नुसत्या सह्याद्रीसाठी त्याचे जास्तीचे पैसे देऊ नका.

पैसे द्यायचे ते सुईच्या तोलासाठी. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र सुईला नुसतं उत्तरेकडे वळवत नाही, खालीही ओढतं. लंडनला ही ओढ आडव्यापासून पासष्ट अंशांहून जास्त तिरकी आहे, आपल्याकडे पंचवीस-तीस अंश, आणि चुंबकीय विषुववृत्त तर भारताच्या दक्षिण टोकाजवळूनच जातं. युरोपासाठी बनवलेल्या सुईचं उत्तर टोक खाली बसू नये म्हणून दक्षिण टोकाला थोडं वजन दिलेलं असतं. तीच सुई पुण्यात आणली की ओढ कमी आणि वजन तेवढंच, त्यामुळे दक्षिण टोक खाली झुकतं, डबीच्या तळाला घासतं आणि सुई मध्येच अडकते. अडकलेली सुई चुकीच्या दिशेलाही तितक्याच ठामपणे उभी असते, हा खरा धोका.

म्हणून सुंटोमध्ये नावापुढे 'जी' किंवा 'ग्लोबल' आहे का ते बघायचं, सिल्व्हामध्येही ग्लोबल सुईची मॉडेलं असतात. या सुईत चुंबक वेगळा आणि सुई वेगळी बसवलेली असते; चुंबक तिरका झाला तरी सुई आडवीच राहते. यंत्र थोडं कललं तरी वाचता येतं, आणि उतारावर एका पायावर तोल सांभाळत बेअरिंग (खुणेची अंशांतली दिशा) घेताना ते फार बरं पडतं. ऑनलाइन दुकानांच्या पानांवर हा 'जी' बहुतेकदा लिहिलेलाच नसतो. एका विक्रेत्याला फोन करून विचारलं, तर म्हणाला, "ताई, सगळ्या होकायंत्रांची सुई उत्तरेलाच असते." फोन ठेवला आणि दुसरीकडून घेतलं.

एमसी-२ चा आरसा आणि त्यावरची खाच या दोन्हींचा मला रोजचा उपयोग आहे. समोरचा लिंगाण्याचा सुळका खाचेत धरायचा, आरशात सुई बघायची, आकडा वाचायचा. एनसीसीत प्रिझमॅटिक कंपास हाताळलेल्यांना हे लगेच जमेल. प्रिझमॅटिक त्याहून अचूक, पण जड, आणि नकाशावर ठेवून रेघ मारायला पारदर्शक पट्टी त्याला नसते. पितळी 'मिलिटरी' कंपास म्हणून काहीशे रुपयांत जे मिळतं, ते शोकेससाठी घ्या. यंत्रातल्या इलेक्ट्रॉनिक होकायंत्रावर मी विसंबत नाही. सेल बदलले की ते पुन्हा जुळवावं लागतं, आणि भर पावसात हातात यंत्र गोल-गोल फिरवत उभं राहायची माझी तयारी नसते. माझी पद्धत साधी आहे. पुढच्या खुणेचं बेअरिंग जीपीएसवर बघायचं, तो आकडा होकायंत्रावर लावायचा आणि सुईवर चालायचं. जीपीएस पुन्हा बघायचं ते वाट फुटेल तिथे. सेलही वाचतात आणि मान वर राहते.

सह्याद्रीत होकायंत्र खडकावर ठेवून वाचू नका. आपला काळा कातळ, बसाल्ट, स्वतःच थोडा चुंबकीय आहे, आणि माथ्यावर जिथे वीज पडलेली असते तिथला खडक तर सुईला चांगलाच हलवतो. छातीच्या उंचीवर धरा, दोन पावलं सरकून पुन्हा वाचा. आकडा बदलला तर जागा बदला. विजेच्या मोठ्या तारांखालीही तेच. ही सुई किती नाजूक असते पाहा: कुलाब्याच्या वेधशाळेतलं चुंबकीय मोजमाप १९०४ मध्ये अलिबागला हलवलं, कारण मुंबईत विजेवरच्या ट्राम येऊ घातल्या होत्या. अलिबागला ते काम आजही चालू आहे.

फोन आणि होकायंत्र एका कप्प्यात ठेवू नका. फोनच्या स्पीकरमधलं आणि कव्हरमधलं चुंबक सुईची दिशा उलटी करू शकतं, म्हणजे लाल टोक दक्षिणेला. माझा फोन सॅकच्या वरच्या कप्प्यात आणि होकायंत्र गळ्यात, शर्टाच्या आत.

दुकानात हातात घेऊन बघायची संधी मिळाली तर काउंटरपासून लांब या. काउंटर बहुतेकदा लोखंडी असतो. खिशातला फोन बरोबरच्या माणसाकडे द्या. होकायंत्र आडवं धरून सुईचं एखादं टोक खाली झुकतंय का ते डोळ्याच्या पातळीवर बघा, द्रवात बुडबुडा नाही ना तेही. मग लांबचा एखादा खांब किंवा इमारतीचा कोपरा खाचेत धरून आकडा वाचा, जागच्या जागी एक गिरकी घ्या आणि तोच कोपरा पुन्हा धरा. दोन्ही वेळा आकडा एक-दोन अंशांच्या आत आला तर पैसे द्या.